नवशिक्याचे स्नायू किती वेगाने वाढतात

वजने उचलण्याचा व्यायाम पहिल्यांदाच सुरू करणाऱ्या निरोगी प्रौढ माणसाची ताकद काही आठवड्यांत वाढते. स्नायू मात्र महिन्यांच्या हिशेबाने वाढतात. या दोन वेगांतले अंतर हाच या विषयाचा गाभा आहे. पहिल्या महिन्यात बारवरचे वजन भराभर चढते, दंड भरल्यासारखे वाटतात, वजनकाट्यावर एखादा किलो जास्त दिसतो, आणि या तिन्हींचा अर्थ ‘स्नायू वाढले’ असा लावला जातो. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा मज्जासंस्थेने शिकलेल्या कौशल्याचा, सुजेचा आणि पाण्याचा असतो. खरी वाढ त्या काळात सुरू झालेली असते, पण ती अजून डोळ्यांत भरण्याइतकी नसते. नेमक्या याच टप्प्यावर काहीजण भलत्या अपेक्षा धरतात, आणि त्या पुऱ्या झाल्या नाहीत की व्यायाम सोडतात किंवा डब्यातल्या नाहीतर इंजेक्शनातल्या औषधाकडे वळतात. म्हणून वाढीचा खरा वेग आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

हिशेब किलोपासून सुरू करता येतो. उत्तर अमेरिकेतील ४६८ स्त्री-पुरुषांच्या एमआरआय मोजणीवर आधारलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात हाडांना जोडलेल्या स्नायूंचे वजन पुरुषांमध्ये सरासरी ३३ किलो आणि स्त्रियांमध्ये २१ किलो भरले. भारतीय शरीरांना हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. त्याचे कारण पुढे येईल. या साठ्यात व्यायामाने किती भर पडते? निरोगी पुरुषांवरील शंभराहून अधिक प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात वजनांच्या व्यायामाने झालेली सरासरी वाढ दीड किलोच्या आसपास निघाली. ही वाढ बारा आठवड्यांत झाली असे धरले, तर दिवसाला साधारण १८ ग्रॅम स्नायू तयार होतो. स्नायूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी आणि सुमारे पाचवा हिस्सा प्रथिने असतो. म्हणजे रोज साठणारे नवे प्रथिन फार तर साडेतीन ते चार ग्रॅम, एका अंड्यातल्या प्रथिनापेक्षाही कमी. महिन्याभरात पाच किलो ‘मसल’ चढवून देण्याच्या जाहिराती या साध्या भागाकारापुढे टिकत नाहीत.

आणि तरीही नवशिक्याचा हा वेग उणा समजण्याचे कारण नाही. अनेक वर्षे व्यायाम केलेल्या माणसाला हाच दीड किलो मिळवायला वर्ष लागू शकते. व्यायामाची कसलीही सवय नसलेला स्नायू त्याच्या आयुष्यातील पहिल्या ताणाला जितक्या तत्परतेने प्रतिसाद देतो तितका पुढे क्वचितच देतो.

ताकद आधी आणि स्नायू मागून का येतात, याचा उलगडा गेल्या सव्वाशे वर्षांत हळूहळू होत गेला. येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड स्क्रिप्चर यांनी १८९४ साली दाखवून दिले की एका हाताला व्यायाम दिला तर दुसऱ्या, काहीही न केलेल्या हाताचीही ताकद वाढते. त्या दुसऱ्या हाताचे स्नायू वाढण्याचे काहीच कारण नव्हते. बदल झाला होता तो मेंदू आणि मज्जारज्जूच्या पातळीवर. १९७९ साली तोशिओ मोरितानी आणि हर्बर्ट डीव्हरीस यांनी कोपर वाकवणाऱ्या स्नायूंवर आठ आठवड्यांचा प्रयोग करून या दोन घटकांचा काळ वेगळा काढला. त्यांच्या निष्कर्षानुसार सुरुवातीची ताकद मुख्यतः मज्जासंस्थेमुळे वाढते आणि साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यानंतर स्नायूंच्या आकाराचा वाटा वरचढ होतो. हा निष्कर्ष पुढच्या साऱ्या संशोधनाचा पाया ठरला.

मज्जासंस्था शिकते म्हणजे काय करते? एक चेतापेशी आणि तिच्या हुकमाखालचे शेकडो स्नायुतंतू मिळून एक गट होतो. हलक्या कामाला छोटे गट पुढे येतात, भार वाढला की मोठे. सवय नसलेल्या माणसाला आपले सर्वांत मोठे गट पूर्ण क्षमतेने कामाला लावता येत नाहीत. शिवाय बेंच प्रेस करताना छाती जोर लावते तेव्हा पाठीचे विरुद्ध बाजूचे स्नायूही आखडलेले राहतात, खांदे डगमगतात, बार एका बाजूला झुकतो. काही आठवड्यांच्या सरावात हे गट जलद आणि एकत्र पेटू लागतात, विरोध करणारे स्नायू सैल पडतात, हालचालीची रेषा ठरून जाते. स्नायू तेवढाच असताना उचललेले वजन वाढते. ‘महिन्यात वजन दुप्पट झाले’ हे अनेकांचे म्हणणे त्यामुळे खोटे नसते. त्यावरून स्नायूही दुप्पट झाले असा निष्कर्ष मात्र निघत नाही.

दोन्ही वेगांचे प्रमाण दाखवणारा एक मोठा प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. व्यायामाची सवय नसलेल्या ५८५ स्त्री-पुरुषांनी बारा आठवडे फक्त एका हाताचा, कमी वापरातल्या हाताचा व्यायाम केला. एका दमात उचलता येणारे कमाल वजन सरासरी ५४ टक्क्यांनी वाढले; दंडाच्या स्नायूचा आडवा छेद, म्हणजे एमआरआयवर दिसणारे त्याचे क्षेत्रफळ, सरासरी १९ टक्क्यांनी. याच प्रयोगातले आणखी काही आकडे पुढे पाहायचे आहेत.

स्नायूच्या आत जे घडते ते असे. स्नायुतंतू ही लांबच लांब पेशी असते आणि तिच्यात अॅक्टिन व मायोसिन या प्रथिनांचे धागे ओळीने रचलेले असतात. वाढ होते म्हणजे मुख्यतः या धाग्यांची संख्या वाढून तंतू जाड होतो. इटालियन संशोधक बेनेडेट्टो मॉर्पुर्गो यांनी १८९७ साली धावायला लावलेल्या कुत्र्यांच्या मांडीतील एका स्नायूची व्यायामापूर्वीची आणि नंतरची मोजणी केली, तेव्हा तंतू जाड झालेले आढळले, त्यांची संख्या मात्र वाढलेली नव्हती. माणसाच्या बाबतीतही नव्या तंतूंचा वाटा असलाच तर किरकोळ मानला जातो.

या प्रथिनांची घडण आणि मोडतोड एरवीही चालूच असते. स्नायूतील प्रथिनांचा साधारण एक ते दीड टक्का दररोज मोडतो आणि नव्याने घडतो. वजनाचा ताण पडला की पेशीतील संदेशसाखळी जागी होते आणि घडणीचा वेग वाढतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यायामानंतर तीन तासांनी हा वेग दुपटीच्या वर गेलेला होता, २४ तासांनी सुमारे ६५ टक्क्यांनी आणि ४८ तासांनीही सुमारे ३४ टक्क्यांनी जास्त होता. मात्र मोडतोडही त्याच वेळी वाढली होती, आणि उपाशी पोटी मोजणी केल्यामुळे हिशेब अखेर तोट्यातच राहिला. तो तोटा व्यायामामुळे कमी झाला एवढेच. घडणीचे पारडे जड व्हायला अन्नातून प्रथिने मिळावी लागतात. व्यायाम वाढीची मागणी नोंदवतो, पुरवठा जेवणातून होतो.

पहिल्या काही दिवसांत या घडणीचा मोठा भाग नव्या बांधकामावर खर्च होत नाही. सवय नसलेल्या स्नायूवर भार पडला, विशेषतः वजन सावकाश खाली आणताना, की तंतूंमधली सूक्ष्म रचना जागोजागी विस्कटते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखतात. या उशिराच्या दुखण्याचे वर्णन थिओडोर हाऊ यांनी १९०२ सालीच करून ठेवले आहे. दुरुस्तीसाठी स्नायूत पाणी आणि रोगप्रतिकारक पेशी उतरतात आणि स्नायू सुजतो. ब्राझीलमधील संशोधकांनी २०१६ साली दहा आठवड्यांच्या प्रयोगात हे टप्पे वेगळे करून दाखवले. पहिल्या व्यायामानंतर प्रथिनांची घडण सर्वांत जास्त होती, पण तिचा नंतरच्या वाढीशी मेळ लागत नव्हता, कारण ती प्रामुख्याने दुरुस्तीला लागली होती. तिसऱ्या आठवड्यापर्यंत इजा बरीच कमी झाली आणि तिथून पुढे घडणीचा वेग व स्नायूची वाढ यांचे नाते जुळू लागले. तिसऱ्या आठवड्यात मोजलेली आकाराची वाढही बव्हंशी सूज असल्याचे याच गटाने दाखवले.

याने एक जुना वाद मार्गी लागला. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अवघ्या २० दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा छेद साडेतीन ते पाच टक्क्यांनी वाढलेला आढळला होता आणि वाढ समजली जाते त्याहून लवकर सुरू होते असे म्हटले गेले होते. वाढ लवकर सुरू होते हे खरेच आहे; पण त्या सुरुवातीच्या टक्क्यांतले तंतू किती आणि पाणी किती, हे निव्वळ आकारावरून सांगता येत नाही. स्वतःचे मोजमाप ठेवणाऱ्याने पहिल्या तीन-चार आठवड्यांची टेप बाजूला ठेवावी आणि खरी तुलना दुसऱ्या महिन्याच्या अखेरीपासून करावी, हे या संशोधनातून निघणारे सर्वांत उपयोगी मार्गदर्शन म्हणता येईल. एकदा सवय झालेला स्नायू त्याच व्यायामाने पुन्हा तितका दुखत नाही. दुखणे थांबले म्हणजे व्यायामाचा परिणाम थांबला, हा जिममध्ये सर्रास ऐकू येणारा समज या कारणाने चुकीचा आहे. दुखणे ओसरल्यानंतरच वाढीचा चांगला काळ सुरू होतो.

सगळे स्नायू एका चालीने वाढत नाहीत. २००७ सालच्या एका विस्तृत आढाव्यात आठवड्याला दोन-तीन दिवसांच्या नियमित व्यायामाने दंडाच्या पुढच्या स्नायूचा छेद दिवसाला सरासरी ०.२ टक्के, तर मांडीच्या पुढच्या स्नायूचा ०.११ ते ०.१२ टक्के वाढतो असे आढळले. बारा आठवड्यांत हे अनुक्रमे १७ आणि १० टक्क्यांच्या आसपास जाते. मांडी दिवसभर शरीराचा भार वाहते, चालते, जिना चढते, म्हणून तिच्यात नवखेपणा कमी उरलेला असतो, असे याचे एक सरळ स्पष्टीकरण दिले जाते. नवशिक्यांना छाती व दंड आधी भरताना दिसतात आणि पाय मागे राहिल्यासारखे वाटतात, त्यामागे व्यायामातला आळस दर वेळी असतोच असे नाही.

टक्क्यांचे सेंटिमीटरमध्ये रूपांतर केले की चित्र आणखी नेमके होते. २८ सेंटिमीटर घेराच्या दंडात हाड, चरबी आणि त्वचाही असते. त्यातला दोन तृतीयांश ते पाऊण भाग स्नायूचा धरला आणि पुढचे-मागचे दोन्ही स्नायू १७ टक्क्यांनी वाढले असे मानले, तर घेर साधारण दीड सेंटिमीटरने वाढतो. तीन महिन्यांच्या मेहनतीचे हे माप अंगावरच्या शर्टाच्या बाहीला जाणवते, रस्त्यावरच्या माणसाला जाणवेलच असे नाही.

मोजमापाच्या साधनांबद्दल थोडे विस्ताराने सांगावे लागते, कारण या विषयातले बहुतेक गैरसमज तिथेच जन्मतात. वजनकाटा स्नायू, चरबी, आतड्यातले अन्न आणि पाणी यांत फरक करत नाही. व्यायाम सुरू केलेला माणूस सहसा जास्त जेवू लागतो. पिष्टमय पदार्थांतून मिळालेली साखर स्नायूत ग्लायकोजेन म्हणून साठते आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवले जाते. क्रिएटीन घेणाऱ्यांच्या शरीरात पहिल्याच आठवड्यात एक ते दीड किलोपर्यंत वजन वाढू शकते आणि ते जवळपास सगळे पाणीच असते. क्रिएटीन हे चांगले तपासले गेलेले पूरक आहे, पुढील महिन्यांत त्याचा उपयोगही होतो. पण त्या पहिल्या आठवड्याच्या किलोला स्नायू म्हणता येत नाही. अनेक जिममध्ये पायाखाली धातूच्या पट्ट्या असलेले यंत्र असते. ते शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून त्याला होणाऱ्या विरोधावरून चरबी व स्नायू यांचा अंदाज बांधते. सकाळी पाणी पिऊन मोजले आणि संध्याकाळी घाम गाळून मोजले तर त्याच यंत्राचे आकडे वेगळे येतात. महिन्याकाठी होणाऱ्या अर्ध्या किलोच्या खऱ्या वाढीपेक्षा या यंत्राची दोलायमानता मोठी असते. क्ष-किरणांवर चालणारी डेक्सा तपासणी बरीच नेमकी असली तरी ती जे चरबीविरहित वस्तुमान दाखवते त्यात पाणीही मोजलेले असते. एमआरआय आणि सोनोग्राफी स्नायू थेट दाखवतात, पण त्या प्रयोगशाळेच्या आणि दवाखान्याच्या गोष्टी आहेत. सामान्य माणसाकडे उरते ती शिंप्याची टेप, एकाच उजेडात महिन्या-दोन महिन्यांनी काढलेले छायाचित्र आणि वजनांची वही. या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर पुरेशा विश्वसनीय ठरतात.

भारतीय नवशिक्याच्या बाबतीत वजनकाटा आणखी एका कारणाने फसवा ठरतो, आणि त्या कारणाचा शोध पुण्यात लागला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील नवजात बाळांचा अभ्यास केला. इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत ही बाळे सुमारे पाऊण किलोने हलकी होती. त्यांच्यात स्नायू फारच कमी होते, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह एक छायाचित्र छापून आले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३, मात्र शरीरातील चरबी युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. एका पानात मावलेल्या त्या नोंदीने भारतीय शरीराविषयीची जगाची समजूत बदलली. बारीक दिसणाऱ्या देहात स्नायू कमी आणि चरबी जास्त असणे, विशेषतः पोटाभोवती, ही ठेवण मधुमेहाचा धोका वाढवणारी आहे. खाल्लेल्या साखरेचा मोठा भाग स्नायूच शोषून घेतात. त्यामुळे इथल्या नवशिक्यासाठी दीड किलो स्नायूंची किंमत आरशापुरती राहत नाही.

या ठेवणीच्या शरीरात पहिल्या काही महिन्यांत चरबी घटते आणि स्नायू वाढतात, आणि काटा जिथल्या तिथे राहतो. वाढीसाठी आधी जाड व्हावेच लागते, हा समज अशा नवशिक्याला लागू नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वजन जास्त असलेल्या तरुणांनी चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी उष्मांक घेतले आणि कसून व्यायाम केला. ज्यांच्या आहारात प्रथिने भरपूर होती त्यांनी सुमारे ४.८ किलो चरबी गमावली आणि सुमारे १.२ किलो चरबीविरहित वस्तुमान कमावले. असा व्यायाम तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच शक्य होता, पण तत्त्व सिद्ध झाले. उलट मुळातच हडकुळ्या माणसाला पोटभर खाल्ल्याशिवाय वाढ मिळत नाही.

आता सरासरीच्या पलीकडे जायला हवे. वर उल्लेखलेल्या ५८५ जणांच्या प्रयोगात सगळ्यांचा व्यायाम एकसारखा होता. तरी बारा आठवड्यांनी कोणाच्या दंडाचा छेद ५९ टक्क्यांनी वाढला होता आणि कोणाचा दोन टक्क्यांनी घटलेला होता. ताकदीत तर शून्यापासून २५० टक्क्यांपर्यंतचा पल्ला होता. दोन्ही टोकांना माणसे थोडी, बहुसंख्य मध्ये. या फरकामागे आनुवंशिकता आहे, आधीची शारीरिक सवय आहे, आहार व झोप आहे, आणि तंतूंच्या कडेला चिकटून असलेल्या सुप्त पेशींची संख्याही आहे. अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ साली बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या या उपग्रह पेशी गरज पडली की तंतूत मिसळतात आणि त्याला नवी केंद्रके देतात. ज्यांच्यात त्या जास्त सक्रिय होतात त्यांची वाढ जास्त होते, असे काही प्रयोगांत दिसले आहे. शेजारच्या बाकावर त्याच दिवशी सुरुवात केलेला मित्र तीन महिन्यांत दुप्पट भरलेला दिसतो, तेव्हा त्याचे श्रम दुप्पट असतीलच असे मुळीच नाही. आणि जो हळू वाढतो तोही बहुधा वाढतोच. व्यायामाचे दिवस आणि सेट वाढवल्यावर अशा अनेकांचा प्रतिसाद सुधारतो.

स्त्रियांच्या बाबतीत एक गैरसमज दोन्ही दिशांनी चालतो: स्त्रियांचे स्नायू वाढत नाहीत, आणि वजने उचलली तर त्या पुरुषी दिसू लागतात. ५८५ जणांच्या त्याच प्रयोगात पुरुषांच्या दंडाचा छेद सुमारे २० टक्क्यांनी आणि स्त्रियांचा सुमारे १८ टक्क्यांनी वाढला. म्हणजे प्रमाणात फरक अल्प आहे. मुळातला स्नायू कमी असल्याने किलोमधली भर कमी पडते. दंडाच्या घेरात तीन महिन्यांत सेंटिमीटरभर वाढ होऊन कोणतीही स्त्री पुरुषी दिसत नाही.

वयाबद्दलचा सर्वांत बोलका प्रयोग बॉस्टनमधील वृद्धांच्या एका निवासी संस्थेत झाला आणि १९९० साली प्रसिद्ध झाला. मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा अशक्त रहिवाशांना आठ आठवडे पायांचा, चांगल्यापैकी जड वजनांचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीच्या स्नायूचा छेद सुमारे नऊ टक्क्यांनी. नव्वदीतला माणूसही या अर्थाने नवशिका असू शकतो. वाढीचा वेग वयानुसार मंदावतो, वाढण्याची क्षमता मात्र शाबूत राहते.

वेग ठरवणाऱ्या ज्या गोष्टी माणसाच्या हातात आहेत त्यांत पहिली म्हणजे चढता भार. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर शिकागोतील लष्करी रुग्णालयात उपचार करताना डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी जुनी हलक्या व्यायामाची पद्धत सोडून दर आठवड्याला वाढत जाणारी जड वजने वापरली. १९४५ साली त्यांनी हे काम प्रसिद्ध केले; १९४८ साली आर्थर वॉटकिन्स यांच्यासह त्यांनी मांडलेली दहा-दहाच्या तीन सेटची पद्धत आजही जगभरच्या जिममध्ये पहिल्या दिवशी शिकवली जाते. भार किती जड असावा याबाबत मात्र मते सैल झाली आहेत. कमाल क्षमतेच्या ३० टक्के वजनानेही, थकून पुढची आवृत्ती निघणार नाही इथपर्यंत सेट नेला तर, जवळजवळ तितकीच वाढ होते, असे २०१२ सालच्या प्रयोगात दिसले. तालमीतल्या जोर-बैठकांनी पिढ्यान्‌पिढ्या पहिलवानांचे खांदे व मांड्या का घडवल्या, याचे उत्तर यात आहे. नवशिक्याला स्वतःच्या शरीराचे वजनच पुरेसे जड असते; वीस जोरांत तो थकतो आणि तेवढ्यात वाढीला लागणारा ताण मिळतो. पुढे तेच जोर शंभर-दोनशे सहज निघू लागले की दम आणि चिकाटी वाढत राहते, स्नायूंची वाढ मंदावते. मग जड मुद्गल, डंबेल किंवा बारबेल हाती घ्यावे लागते.

व्यायामाचे प्रमाण दुसरे. एका स्नायूसाठी आठवड्याला दहा किंवा अधिक सेट केल्यास वाढ जास्त होते, असा २०१७ सालच्या एकत्रित विश्लेषणाचा कल आहे, पण नवशिका त्याच्या निम्म्यातही चांगला वाढतो आणि पहिल्या महिन्यात निम्मेच बरे, कारण जास्त इजा म्हणजे जास्त दुरुस्ती. तिसरे प्रथिन. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. वजने उचलणाऱ्यांवरील ४९ प्रयोगांच्या २०१८ सालच्या विश्लेषणात सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे जास्तीचा फायदा आढळला नाही. ६० किलोच्या माणसासाठी याचा अर्थ पन्नास ग्रॅमऐवजी शंभरच्या आत-बाहेर. भाकरी, पातळ वरण आणि भाजी अशा जेवणात हे साधत नाही. डाळीचे प्रमाण वाढवणे, दूध-दही, अंडी, मासे किंवा चिकन, शाकाहाऱ्यांसाठी सोयाबीन, चणे, शेंगदाणे आणि पनीर यांची रोज जोड देणे भाग पडते. प्रोटीन पावडर हा बहुधा त्याच दुधाचा कोरडा अंश असतो. जेवणातून भागत असेल तर तिची गरज नाही, भागत नसेल तर ती सोय आहे. झोपेची हेळसांड केली तर या सगळ्याचा परिणाम उणावतो.

जिमच्या भिंतींवरील छायाचित्रांत आणि मोबाईलच्या पडद्यावर जी शरीरे ‘तीन महिन्यांत’ म्हणून दाखवली जातात, त्यांची तुलना कशाशी करावी याचे उत्तर डॉ. शलेंदर भसीन यांच्या गटाने १९९६ साली दिले. सुदृढ पुरुषांचे चार गट करून दोन गटांना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिले गेले, उरलेल्या दोन गटांना निव्वळ देखाव्याचे इंजेक्शन. व्यायाम करणाऱ्या, औषध न घेतलेल्या गटात चरबीविरहित वस्तुमान सुमारे दोन किलोने वाढले. औषध घेऊन काहीही व्यायाम न केलेल्या गटात ते तीन किलोहून अधिक वाढले, आणि औषध व व्यायाम दोन्ही असलेल्या गटात सुमारे सहा किलो. बसून राहिलेली माणसे घाम गाळणाऱ्यांपेक्षा पुढे गेली, यावरून पडद्यावरच्या शरीरांशी स्वतःचे मोजमाप करणे किती अन्यायाचे आहे हे कळते. प्रयोगात मात्रा ठरलेली होती, तपासण्या होत होत्या, काळ दहा आठवड्यांचा होता. बाजारात मिळणाऱ्या कुपीत यातले काहीच नसते. वृषणांचे काम थंडावणे, वंध्यत्व, रक्तातील चरबीचा बिघाड आणि हृदयाच्या स्नायूवरचे दुष्परिणाम ही अशा वापराची किंमत आहे, आणि ती विशीतल्या मुलांनी मोजावी हे अतिशय दुःखद आहे.

सुरुवातीचा वेग किती काळ टिकतो? साधारण सहा महिने ते वर्षभर, मग वक्र आडवा होऊ लागतो. दुसऱ्या वर्षाची भर पहिल्या वर्षाच्या अर्ध्याच्या आसपास धरली तरी ती आशावादी ठरू शकते. दुसऱ्या टोकाचे उदाहरण १९९२ साली प्रसिद्ध झाले: स्पर्धेतील पाच पुरुष व पाच स्त्री शरीरसौष्ठवपटूंनी २४ आठवडे नेहमीचा कठोर व्यायाम केला, आणि त्यांच्या दंडाच्या स्नायूंत मोजण्याजोगी वाढ झाली नाही. त्यांच्यासाठी टिकवणे हेच काम उरले होते.

व्यायामात खंड पडला तर काय, ही नवशिक्यांची नेहमीची धास्ती असते. परीक्षा, आजारपण, लग्नसराई, शेतीचा हंगाम यांपैकी काहीतरी आडवे येतेच. जपानमध्ये व्यायामाची सवय नसलेल्या तरुणांवर २४ आठवड्यांचा प्रयोग झाला. एका गटाने सलग व्यायाम केला. दुसऱ्याने सहा आठवडे व्यायाम आणि तीन आठवडे विश्रांती अशी पाळी ठेवली. अखेरीस दोन्ही गटांची वाढ जवळपास सारखी होती, कारण विश्रांतीनंतर परतलेला स्नायू पुन्हा वेगाने वाढत होता. उंदरांमध्ये, स्नायू रोडावल्यानंतरही व्यायामाच्या काळात मिळालेली जादा केंद्रके तंतूत टिकून राहतात, असे ओस्लोमधील संशोधकांनी २०१० साली दाखवले. माणसांच्या बाबतीत या मुद्द्यावर अजून एकमत नाही. कारण कोणतेही असो, गमावलेला स्नायू परत मिळवायला तो पहिल्यांदा मिळवायला लागला होता त्यापेक्षा कमी वेळ लागतो. तीन आठवड्यांच्या खंडानंतर जुन्या वजनापेक्षा थोड्या कमी वजनाने सुरुवात केली, तर बहुतेकांना काही सत्रांतच पूर्वीची वही जिथे थांबली होती तिथून पुढे लिहिता येते.